जॅझमध्ये कॅनडा कुठे ऐकू येतो?

मॉन्ट्रियलच्या विंडसर रेल्वे स्टेशनसमोर एके काळी अल्बर्टा लाउंज नावाचा एक बार होता. १९४९ साली तिथल्या पियानोवर २४ वर्षांचा ऑस्कर पीटरसन वाजवायचा. त्याला न्यूयॉर्कहून बोलावणं आलं, तो गेला आणि त्याच्या रिकाम्या स्टुलावर पॉल ब्ले नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा येऊन बसला.

पुढे या दोघांनी जॅझ पियानोची दोन टोकं गाठली. पियानोत किती भरता येतं हे पीटरसनने दाखवलं. त्यातून किती काढून टाकता येतं आणि तरीही संगीत शिल्लक राहतं, हे ब्लेने दाखवलं. शहर एक, बार एक, पियानोही एकच. जॅझ तर अमेरिकेचं, त्यात कॅनडाने काय केलं, असं कुणी विचारलं की मला आधी ते स्टूल आठवतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे किराणा किंवा जयपूर म्हटलं की गायकीची एक चाल डोळ्यांसमोर येते, तसं कॅनडाचं घराणं नाही. दोन सूर ऐकून ‘हा कॅनडाचा’ असं कुणालाही ओळखता येणार नाही. पण गेल्या ऐंशी वर्षांत जॅझने जी मोठी वळणं घेतली, त्यातल्या बऱ्याच वळणांवर कॅनडात जन्मलेला कुणीतरी उभा दिसतो. त्याने नेमकं काय केलं हे कळायला जॅझ आतून कसं चालतं याची थोडी ओळख हवी. ती आपल्या कानाला अवघड नाही.

जॅझमधलं एक साधं गाणं बहुधा ३२ बारांचं असतं. (इथे बार म्हणजे दारूचा नव्हे, तालाचा एक खंड.) एका बारात चार मात्रा, म्हणजे हे १२८ मात्रांचं एक लांब आवर्तन झालं. प्रत्येक बारात कोणती कॉर्ड वाजणार हे ठरलेलं असतं. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन, चार किंवा जास्त सूर. पेटीवर सा, ग आणि प एकदम दाबले की एक कॉर्ड झाली. सुरुवातीला वादक मूळ चाल वाजवतात. मग चाल सोडून देतात, पण कॉर्डांचं आवर्तन तसंच फिरत राहतं आणि त्यावर एकेक जण सुचेल तसं नवं वाजवतो. ही उपज. तबलजीने ठेका धरावा आणि गवयाने त्यावर बोलताना घ्याव्यात, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे वादकाला तालाबरोबर प्रत्येक बारात बदलणाऱ्या सुरांच्या त्या चौकटीचंही भान ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट स्विंगची. एका मात्रेचे दोन भाग केले तर ते आपल्याकडे सारखे पडतात. जॅझमध्ये पहिला भाग जरा लांबतो, दुसरा आखडतो. त्या किंचित असमान चालीतून जो झोका मिळतो तो स्विंग. लिहून फारसा कळत नाही, ऐकला की पाय आपोआप हलतो.

आता पुन्हा मॉन्ट्रियल.

हे संगीत तिथे रुजलं त्याला बरंचसं कारण रेल्वे. शहराच्या मोठ्या स्टेशनांजवळ सेंट अँटवान नावाचा भाग होता, आज त्याला लिटल बर्गंडी म्हणतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या झोपायच्या डब्यांत बिछाने घालणारे, सामान उचलणारे, बूट पुसणारे पोर्टर बहुतेक कृष्णवर्णीय असत आणि त्यांची घरं याच वस्तीत होती. कुणी कॅरिबियन बेटांवरून आलेला, कुणी अमेरिकेतून, कुणी नोव्हा स्कोशियातून. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. मॉन्ट्रियलमध्ये दारू मिळत होती, त्यामुळे सीमेपलीकडून माणसं आली, त्यांच्यामागे क्लब आले आणि क्लबांमागे वादक. रूफस रॉकहेड हा जमैकाहून आलेला माणूस आधी रेल्वेत पोर्टर होता. १९२८ मध्ये त्याने याच वस्तीत रॉकहेड्स पॅरडाइस हा क्लब काढला. अनेक दशकं तो चालला आणि अमेरिकेतले नामांकित कलाकार तिथे येऊन गेले.

ऑस्करचे वडील डॅनियल पीटरसन हेही कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत पोर्टर. ते ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरचे, त्याआधी जहाजावर नोकरीला होते आणि तिथेच एका लहानशा ऑर्गनवर स्वतःचे स्वतः वाजवायला शिकले होते. घरात पाच मुलं. वडील गाडीवर निघताना प्रत्येकाला धडा नेमून देत आणि परतले की एकेकाची परीक्षा घेत. हा शिस्तीचा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. पीटरसनची बोटं म्हणजे दैवी देणगी असं लोक सहज म्हणून जातात. त्या देणगीमागे फेरीवरून दमून आलेला एक पोर्टर मुलांचे धडे ऐकत बसलेला होता.

ऑस्कर आधी ट्रम्पेटही वाजवायचा. लहानपणीच क्षय झाला, बराच काळ हॉस्पिटलात काढावा लागला. फुंकून वाजवायचं वाद्य सुटलं, पियानो राहिला. घरात रॅगटाइम (जॅझच्या आधीचं नाचरं पियानोसंगीत) आणि जॅझ आणणारा थोरला भाऊ फ्रेड त्याच रोगाने पंधरा-सोळाव्या वर्षी गेला. ऑस्करला हाताला धरून शिकवलं ते थोरल्या बहिणीने, डेझीने. पुढे डेझी पीटरसन स्वीनीने वस्तीतल्या कित्येक मुलांना शिकवलं. ऑलिव्हर जोन्स हा दुसरा मोठा पियानिस्टही तिच्याच हाताखालचा. जॅझच्या पुस्तकांत तिला एखादी ओळ मिळते. माझ्या मते तिला एक प्रकरण मिळायला हवं.

नंतर ऑस्कर पॉल द मार्की या हंगेरियन शिक्षकाकडे गेला. द मार्कीचे गुरू इश्तवान तोमान आणि तोमानचे गुरू फ्रांझ लिस्ट. म्हणजे युरोपातल्या सर्वांत तयार पियानोवादनाची परंपरा रेल्वेवस्तीतल्या या मुलापर्यंत थेट गुरुशिष्यांच्या साखळीने पोचली होती. मुलाला जरा गर्व चढतोय असं वडिलांना दिसलं तेव्हा त्यांनी आर्ट टेटम या अमेरिकन पियानिस्टची रेकॉर्ड आणून लावली. ऑस्करला वाटलं दोन माणसं वाजवताहेत. एकच आहे, आणि तोही जवळजवळ आंधळा, हे कळल्यावर त्याने कित्येक दिवस पियानोला हात लावला नाही.

हायस्कूल सोडून तो व्यावसायिक वादक झाला. जॉनी होम्सच्या गोऱ्या ऑर्केस्ट्रात तो एकटा काळा वादक होता. शहरातल्या एका बड्या हॉटेलाने ‘हा आमच्याकडे चालणार नाही’ असं कळवलं, तेव्हा होम्सने हे वर्तमानपत्रात छापून आणतो अशी तंबी दिली आणि हॉटेल नमलं. कॅनडा म्हणजे वर्णभेद नसलेला देश अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्यावी.

१९४९ ची गोष्ट पीटरसन पुढे स्वतः सांगायचा. अमेरिकन आयोजक नॉर्मन ग्रँझ टॅक्सीने विमानतळाकडे चालला होता. गाडीतल्या रेडिओवर पियानो लागला. ही कुठली रेकॉर्ड, असं त्याने विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, रेकॉर्ड नाही, अल्बर्टा लाउंजमधून थेट चाललंय. ग्रँझने टॅक्सी वळवायला लावली. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ऑस्कर प्रेक्षकांत बसला होता, कारण अमेरिकेत काम करायचा परवाना नव्हता. पाहुणा म्हणून त्याला स्टेजवर बोलावलं गेलं. साथीला फक्त रे ब्राउनचा बेस, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य. त्या संध्याकाळनंतर त्याला ओळख करून द्यावी लागली नाही.

त्याने जॅझला दिलं काय? ‘तो खूप वेगाने वाजवतो’ हे अर्धं उत्तर झालं. वेग पुष्कळांकडे असतो. पीटरसनकडे वेगातही प्रत्येक सूर सुटा आणि झोक्यात असे. १९५० च्या दशकात त्याच्या त्रयीत ड्रम नव्हतेच. पियानो, रे ब्राउनचा बेस आणि हर्ब एलिसचा गिटार. तबला काढून घ्यावा आणि लय मात्र दुप्पट घट्ट व्हावी, तसं ते वाजे. गिटारच्या तारांवर हात मारून एलिस ठेका देई, ब्राउन प्रत्येक मात्रेवर बेसचं पाऊल टाके आणि पियानो त्यावर धावे. १९५९ मध्ये एड थिगपेन हा ड्रमर आला. १९६२ चं ‘नाइट ट्रेन’ हे ध्वनिमुद्रण याच त्रयीचं. जॅझ कधीच ऐकला नसेल तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. त्यातलंच ‘हिम टू फ्रीडम’ हे पीटरसनने अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या दिवसांत रचलं. ते एखाद्या प्रार्थनेसारखं हळू सुरू होतं आणि शेवटाकडे दोन्ही हात थरथरत्या सुरांनी अख्खा पियानो भरून टाकतात.

आता गिल इव्हान्स. त्याला कॅनडाचा म्हणायचं का, हा वाद रास्त आहे. जन्म १९१२ चा, टोरंटोचा, पण लहानपण आईबरोबर फिरण्यात गेलं आणि संगीत शिकला तो कॅलिफोर्नियात, बरंचसं रेकॉर्ड ऐकून. कॅनडाने त्याला जन्म दिला, घडवलं नाही, असं म्हणणं खरं ठरेल. तरी त्याला वगळून हा विषय पुरा होत नाही.

इव्हान्स मुख्यतः अरेंजर. ही भूमिका आपल्याला हिंदी चित्रपटगीतांमुळे चांगली कळते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा होते. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिन कुठे उठणार, पाठीमागे कोणते सूर भरायचे, कुठलं वाद्य कधी गप्प बसणार, हे अरेंजर लिहितो. गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तो पुष्कळदा त्याच्या हातचा असतो.

जॅझच्या मोठ्या बँडमध्ये वाद्यांच्या फळ्या असत. ट्रम्पेट एकत्र, ट्रॉम्बोन एकत्र, सॅक्सोफोन एकत्र, आणि फळ्यांमध्ये सवाल-जवाब चाले. इव्हान्सने फळ्या मोडल्या. एक बासरी, तोंडाला बूच लावलेला एक ट्रॉम्बोन, एक फ्रेंच हॉर्न आणि खाली जाड आवाजाचा ट्यूबा, असे चौघे मिळून एक कॉर्ड वाजवणार आणि तेही अगदी हळू. अशा वेळी कानाला कोणतं वाद्य वाजतंय ते सांगता येत नाही, नवाच रंग दिसतो. हळद आणि चुना वेगवेगळे ओळखू येतात, एकत्र केले की कुंकवाचा लाल उतरतो, तसं. दुसरं म्हणजे सुरांतलं थरथरणं त्याने काढून टाकलं. सूर सरळ, स्थिर, ढगासारखे तरंगत.

१९४० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या ५५व्या रस्त्यावर एका चिनी लाँड्रीमागे तळघरातली एक खोली इव्हान्सकडे होती. दार कायम उघडं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन असे तरुण तिथे येऊन वाद घालत, ऐकत, लिहीत. त्यातून नऊ जणांचा एक बँड निघाला. त्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबाही होते. १९४९-५० मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि नंतर ते ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने एकत्र निघालं. बीबॉप ही त्या काळची जॅझची नवी शैली तापलेली आणि धावरी होती. या नऊ जणांनी तोच विचार शांत आवाजात मांडला. पुढे माइल्स आणि इव्हान्सने ‘माइल्स अहेड’ (१९५७), ‘पोर्गी अँड बेस’ आणि ‘स्केचेस ऑफ स्पेन’ केले. मुखपृष्ठावर मोठं नाव माइल्सचं. इव्हान्सच्या हाती एकरकमी बिदागी पडली.

एक बारकावा आपल्या कानांसाठी खास आहे. ‘पोर्गी अँड बेस’मधल्या एका गाण्यात इव्हान्सने माइल्ससाठी कॉर्ड लिहिल्याच नाहीत, फक्त एक स्वरसप्तक लिहून दिलं. म्हणजे प्रत्येक बारात बदलणारी ती चौकट काढून टाकली आणि सांगितलं, या सुरांत रहा. माइल्सने याचा मुद्दाम उल्लेख केला होता आणि १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये हाच विचार पूर्ण फुलला. राग म्हणजे काही नुसतं सप्तक नव्हे, हे कबूल. पण एकाच स्वरसमूहात मुक्काम करून तो हळूहळू उलगडायचा, ही गोष्ट आपल्याला उपजत कळते. तो संग्रह मराठी माणसाला पहिल्यांदाच ऐकूनही परका वाटत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

पॉल ब्ले याहून पुढे गेला. पीटरसनच्या स्टुलावर बसल्यानंतर तो न्यूयॉर्कला शिकायला गेला, पण मॉन्ट्रियलशी संबंध ठेवून होता. १९५३ मध्ये तिथल्या जॅझ वर्कशॉप मंडळींनी चार्ली पार्कर या बीबॉपच्या मोठ्या सॅक्सोफोनवादकाला बोलावलं, तेव्हा साथीला विशीतला ब्ले होता. १९५८ साली लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट क्लबमध्ये त्याचा बँड नोकरीला होता. तिथे ऑर्नेट कोलमन नावाचा सॅक्सोफोनवादक एकदा वाजवायला आला, सोबत ट्रम्पेटवाला डॉन चेरी. हे दोघे चाल वाजवायचे आणि मग कॉर्डांचं आवर्तन पाळायचेच नाहीत. चालीचा भाव धरून मन नेईल तिकडे जायचे. कुणी ३२ बार मोजत नव्हतं. ब्लेने दोघांना बँडमध्ये घेतलं. तो सांगायचा की रस्त्यावरून जाताना लोक ग्लास हातात घेऊन क्लबबाहेर उभे दिसले की समजावं, आत बँड वाजवतोय, आणि लोक आत असले तर मध्यंतर आहे. महिना-दीड महिन्यात नोकरी गेली. जॅझचा पुढचा रस्ता मात्र त्या क्लबातून निघाला.

कोलमनच्या बँडमध्ये पुढे पियानो राहिला नाही. पियानो कॉर्डांचं वाद्य, चौकटच नको तर तो कशाला? ब्लेने या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आयुष्य घालवलं. १९६१ मध्ये जिमी जुफ्रीची क्लॅरिनेट (पाती लावून फुंकायचं वाद्य), स्टीव्ह स्वॅलोचा बेस आणि ब्लेचा पियानो अशी त्रयी झाली. ड्रम नाहीत, आवर्तन नाही, आवाज कुजबुजीएवढा. शेवटच्या रात्री तिघांना माणशी ३५ सेंट मिळाले आणि बँड मोडला. तीस वर्षांनी जर्मनीच्या ईसीएम कंपनीने ती ध्वनिमुद्रणं पुन्हा काढली, तेव्हा ती जुनी वाटत नव्हती.

ब्लेचं १९७२ मधलं ‘ओपन, टू लव्ह’ ऐका. एकटा पियानो. एक सूर वाजतो आणि तो पूर्ण विझेपर्यंत ब्ले वाट पाहतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिची आस ऐकत बसावं तसा तो पियानोची आस ऐकत बसतो, पुढचा सूर त्यातूनच उचलतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा पुढचं विसरला की काय. तिसऱ्या वेळी कळलं की जे वाजत नव्हतं तेही त्याने वाजवलेलंच होतं.

मेनार्ड फर्ग्युसनही मॉन्ट्रियलचाच, ऑस्करच्या शाळेतल्या बँडमधला. ट्रम्पेटला कळा तीनच. बाकी सगळं ओठांचा ताण आणि हवेचा जोर. जितका सूर वर, तितका जोर जास्त. चांगले वादक जिथे थांबत त्याच्या वरच्या सप्तकात फर्ग्युसन नुसता पोचत नसे, तिथे चाल वाजवे. १९५० पासून स्टॅन केंटनच्या बँडमध्ये त्याने हे करून दाखवलं आणि मोठ्या बँडांत वरच्या सुरांचा ट्रम्पेटवाला असणं ही रीतच पडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो भारतात आला, आंध्रात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली शाळेत त्याने शिकवलं आणि पुढेही येत राहिला. योगातल्या पूर्ण श्वासाचं महत्त्व तो आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगे. त्याचं सगळंच वादन मला आवडतं असं नाही, कधी कधी उंची हाच हेतू होऊन बसतो. पण अमेरिकेतल्या शाळा-शाळांत जाऊन त्याने जितक्या मुलांच्या हाती ट्रम्पेट दिला, तितका क्वचितच कुणी दिला असेल.

टोरंटोचा ट्रम्पेटवादक केनी व्हीलर त्याच्या नेमका उलटा. अबोल, संकोची माणूस. १९५२ मध्ये बोटीने इंग्लंडला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या रचनांत कॉर्डांना परतायला घर नसतं. सम येईल असं वाटतं आणि दार दुसऱ्याच खोलीत उघडतं. त्यावरून चाल मोठ्या उड्या घेत जाते आणि उडीच्या टोकाला सूर किंचित फाटतो. त्या फाटण्यात जी उदासी आहे ती आज युरोपातल्या कितीतरी वादकांच्या लेखनात ऐकू येते. ‘न्यू हाय’ हे १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं त्याचं काम यासाठी ऐकावं.

घरी राहिलेल्यांचं नाव बाहेर कमी झालं. रॉब मकॉनेलचा बॉस ब्रास हा बँड १९६८ पासून टोरंटोत होता. गिटारवादक एड बिकर्टने १९७० च्या दशकात पॉल डेस्मंड या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाला अशी साथ दिली की दोन हातांचा पियानो वाजतोय असं वाटावं. कॅनडातल्या नानायमो गावची पियानिस्ट-गायिका डायना क्रॉल मात्र जगभर पोचली. तिला लॉस एंजेलिसला ये म्हणणाऱ्यांत होता रे ब्राउन, तोच, पीटरसनचा. १९९६ मध्ये तिने नॅट किंग कोल या अमेरिकन पियानिस्ट-गायकाची गाणी मुख्यतः पियानो, गिटार आणि बेस एवढ्यावर म्हटली. पीटरसनने १९५० च्या दशकात कोलकडूनच घेतलेली ती बिनड्रमची मांडणी फिरून पुन्हा कॅनडाच्या एका पियानोवालीकडे आली.

१९९३ मध्ये पीटरसनला पक्षाघात झाला. डावा हात कमजोर झाला. जो हात पियानोच्या खालच्या बाजूला सगळा बँड उभा करायचा, तोच. दोनेक वर्षांनी तो पुन्हा स्टेजवर आला आणि जवळजवळ शेवटपर्यंत वाजवत राहिला. २००७ मध्ये तो गेला. २००३ चं व्हिएन्नाचं ध्वनिमुद्रण आहे. उजवा हात एक ओळ म्हणतो आणि थांबतो. पूर्वी त्या जागेत वीस सूर असते. आता तिथे गिटारचे दोन-तीन सूर येतात, बेसचं एक पाऊल पडतं, आणि मग उजवा हात सावकाश पुढची ओळ उचलतो.